जास्तीचे पाणी

"वयनी, ह्योबी ढासळला!" खंडूने साच्याची लोखंडी चौकट जमिनीवर टाकली. "माती हाय का इभूती?"

साच्यांची माती कालवणाऱ्या चिमाबाईने मूठभर माती दाबून पाहिली. मूठ उघडताच ती बोटांतून घरंगळली. सकाळीच भिजवली होती. चौऱ्याहत्तरच्या त्या मार्चात भोसरीच्या ओतशाळेचे पत्रे नऊ वाजताच चटके देत होते. तीन दिवस निम्मेच साचे उभे राहत होते.

सुपरवायझर मुकुंदराव आले. "जर्मनीच्या कंपनीला पंपाची कवचं ठरल्या तारखेलाच हवीत. त्यांच्याकडं अजून बर्फ आहे. तिथली माती दिवसभर ओली राहते."

"मंग त्यास्नी आपलं ऊन पार्सल करा की, सायेब," खंडू म्हणाला. मुकुंदरावांनी चिमाबाईकडे पाहिले.

"बाई, असंच चाललं तर तुम्हाला कायम करा म्हणून मी मालकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

ते वळताच चिमाबाईने, कणकेला मारावा तसा, मातीवर पाण्याचा हबका मारला. मग आणखी एक. माती घट्ट बसू लागली. दुपारपर्यंत साच्यांच्या रांगा लागल्या. मुकुंदराव "शाब्बास" म्हणून गेले.

वितळलेले लोखंड काढायला भट्टीचे तोंड फोडले, तेव्हा तिने एका साच्याच्या कडेत बोट खुपसले. वरची माती वाळली होती; आत गारा होता. ओल्या साच्यात तापलेले लोखंड पडले की उसळते. मागे इथल्याच धोंडीबाचा डोळा तसाच गेला होता.

वाळेल, तिने स्वतःला सांगितले. लोखंडाने भरलेले भांडे दांड्यावर पेलत खंडू आणि त्याचा जोडीदार जवळ आले.

"बाजूला व्हा, वयनी."

"वतू नगंस."

"आं?"

"पानी जास्त झालंय. माज्या हातनं."

मुकुंदराव धावत आले. "किती साच्यांत?"

"समद्या."

"आणि हे आत्ता सांगताय? भट्टी फोडल्यावर?"

लोखंड थांबणार नव्हते; भांड्यातच गोठले असते. खंडूने ते कोरड्या वाळूच्या खड्ड्यात ओतले. मुकुंदराव मालकांना फोन करायला गेले.

चिमाबाईने पहिला साचा उलटा करून मोडला.

"ऱ्हाऊ द्या आता," खंडू म्हणाला. "उद्या बगू."

"उद्या मला गेटातनं आत घेत्यात का, कुनाला ठावं?"

तिने दुसरा साचा मोडला, मग तिसरा. भोंगा झाला, माणसे निघाली. माती रात्रीतून वाळावी, उद्या तिच्या जागी जी कुणी येईल तिला हलकी लागावी म्हणून ती ढेकळे हाताने फोडत माती पातळ पसरत राहिली.