किटली उचलणारी बाई

दर रविवारी सकाळी न्यूकॅसलच्या धक्क्यावर मी पाण्यानं काठोकाठ भरलेली लोखंडी किटली एका हातानं उचलायची आणि मनात वीसपर्यंत मोजायची. थेंब सांडता कामा नये, हात हलता कामा नये. मग काढा विकणारे पेटिफरसाहेब गाडीच्या फळीवरून ओरडायचे, "हातच्या कांकणाला आरसा कशाला, मंडळी? तीन वर्षांपूर्वी या डॉर्कसबाईंना चमचा उचलवत नव्हता!"

ते खोटं नव्हतं, म्हणूनच तर माझा जळफळाट व्हायचा. खोटं असतं तर एखाद्या दिवशी त्यांच्या तोंडावर फेकून मोकळी झाले असते.

सफेद्याच्या कारखान्यात मी सहा वर्षं घालवली. रंगासाठी शिशाची पांढरी भुकटी करतात तिथे. ती पाट्यांत भरून डोक्यावरून भट्टीत न्यायची आणि सुकली की उपसून बाहेर आणायची, हे बायकांचं काम. तोंडाला फडकं बांधलं तरी भुकटी पोटात जातेच. आधी कळा येतात, मग हिरड्यांवर निळी रेघ उमटते, मग मनगट लुळं पडून हात खाली लोंबतो. त्यापुढे झटके येतात, आणि झटके आलेली बाई आठवडा काढत नाही. टाइन नदीच्या दोन्ही काठांवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी रोज पहाटे फाटकाशी बायकांची रांग असते, कारण सफेद्याचे कारखाने नाव विचारतात आणि आत घेतात. बाकी कुणी आम्हाला दारात उभं करत नाही.

माझा हात पडला तेव्हा उरलेसुरले पैसे घेऊन मी याच धक्क्यावर आले होते. 'पेटिफरचा अक्सीर काढा' घ्यायचा, आणि नाही उतार पडला तर नदी होतीच. साहेबांनी माझा हात धरून पाहिला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, आणि बाटली दिलीच नाही.

"कारखाना सोड," ते हळूच म्हणाले. "दर रविवारी इथे फळीवर उभी राहा आणि लोकांदेखत एक चमचा पी. राहायचं-खायचं मी बघतो."

पहिले तीन रविवार काही झालं नाही. चौथ्या रविवारी बोटं हलली. मग चमचा, मग कप, आणि चौथ्या महिन्यात किटली. लोकांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शिसं सोडलेल्या बाईचा हात, वेळेत सोडलं असेल तर, आपसूक वर येतो, हे साहेबांना पक्कं माहीत होतं. काढा तर पुढे मीच त्यांच्या मोरीत पिंपात ढवळायची: काकवी, काळा बोळ, स्वस्तातली दारू आणि अफूच्या अर्काचे थेंब. मला औषधानं बरं केलं नाही. औषधाच्या नोकरीनं केलं.

आणि कारखान्यात माझ्या रिकाम्या जागेवर माझी धाकटी बहीण थर्झा लागली. मीच मुकादमबाईच्या हातापाया पडून लावली. ती सोळाची होती, आई अंथरुणाला खिळलेली. मला वाटलं, वर्षभर काढेल, तोवर कुठे लग्न जमेल. असं वाटून घ्यायला काय जातंय?

अठराशे ब्याऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. किटली खाली ठेवली, बाटल्यांसाठी गर्दीतून हात पुढे आले, आणि त्यांतला एक हात मनगटापासून खाली लोंबत होता. वर पाहिलं तर थर्झा. मला बघून ती हसली. खालच्या हिरडीवर निळी रेघ होती.

गर्दी पांगल्यावर मी तिला ओढत नदीच्या पायऱ्यांवर नेलं.

"कधीपासून?"

"कळा नाताळापासून. हात मागच्या आठवड्यापासून. घाबरू नकोस गं ताई, ही चौथी बाटली आहे माझी, आधीच्या तीन मैत्रिणीकडून मागवल्या. घेतली की कळ थांबते. परवा तर मी कामाची पूर्ण पाळी भरली."

"अगं बये, अफू आहे त्यात! कळ थांबत नाही, तुला कळत नाही एवढंच. आणि तू आणखी शिसं खातेस."

"शिसं कुणाला चुकलंय? काढा शिसं बाहेर काढतो. तुझं नाही काढलं?"

"काकवी आहे ती. मी स्वतः ढवळते. मी बरी झाले कारण मी कारखाना सोडला."

 थर्झा म्हणाली, "बरं. मग मीही सोडते. खायचं काय? तुझी किटली? आणि आईला काय घालू, तिचं झाकण?"

साहेब मला माळ्यावरची खोली, दोन वेळचं जेवण आणि आठवड्याला तीन शिलिंग देत. त्यात तिघींचं वाटाण्याचं वरणसुद्धा झालं नसतं. आणि फळीवरून उतरले तर माझ्यापुढेही तेच फाटक होतं.

आठवडाभर मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. पुढच्या रविवारी किटली उचलायची वेळ आली तेव्हा मी ती उचललीच नाही.

"बायांनो, हे औषध नाही!" मी ओरडले. "मला यानं काही झालं नाही. मी शिसं सोडलं म्हणून बरी झाले. तुम्हीही शिसं सोडा!"

मागून एक जाडजूड बाई म्हणाली, "सोडते की! तुझा धनी मला पोसतोय का विचार!" सगळ्या खदखदून हसल्या.

साहेबही हसले, आणि सगळ्यांत आधी. त्यांनी टोपी काढून मला वाकून नमस्कार केला. "ऐकलंत? इतकी प्रामाणिक बाई कुठल्या दुकानात मिळेल? डॉर्कसबाई खरं तेच सांगतात. ज्यांना शिसं सोडता येतं त्यांनी आजच सोडावं, माझी बाटली घेऊ नये! पण ज्यांना सोडता येत नाही…" इथे त्यांनी आवाज खाली आणला, "त्यांच्यासाठीच मी इथे उभा आहे."

त्या दिवशी सगळ्या बाटल्या अकराच्या आत संपल्या. मी फळीवर गाढवासारखी उभी होते. इतकी लाज मला हात लुळा होता तेव्हाही वाटली नव्हती.

गाडी आवरताना मला वाटलं, आता हे मला हाकलणार. ते सामानाचा पट्टा आवळायला लागले, तेव्हा मीच विषय काढला.

"साहेब, माझ्या बहिणीचा हात पडलाय. दोनच आठवडे झालेत, वेळ गेलेली नाही. तिला फळीवर घ्या."

"आणि तुला?"

"दोघींना घ्या."

"डॉर्कस, मी राजा नाही." ते पट्टा आवळत म्हणाले. "एक बाई परवडते. आणि खरं सांगू? तुझी किटली लोकांना पाठ झालीय. मी उन्हाळ्याच्या आत नवा हात शोधणारच होतो."

म्हणजे माझे दिवस भरलेच होते. इकडे आड तिकडे विहीर, आणि विहिरीत ढकलणाऱ्याला घाईसुद्धा नव्हती.

"मग तिला घ्या," मी म्हटलं. "पण आईसाठीही द्यायचं. आणि काढ्यात तिच्या चमच्यापुरती अफू नको. नुसती काकवी."

"अफू कशाला घालू तिला? पोरगी वयानं लहान आहे, दिसायला गोड आहे. आईचंही बघू." ते माझ्याकडे वळले. "तू कुठे जाशील?"

"तुम्हाला काय करायचंय?"

थर्झाला मी सांगितलं की मला पलीकडे गेट्सहेडला दोरखंडाच्या कारखान्यात काम मिळालंय, आणि साहेबांनी आपणहून तिला बोलावलंय. ती नाचलीच. "मी म्हटलं नव्हतं? तूच उगाच कावळ्यासारखी कावकाव करत होतीस!"

दोरखंडवाल्यांनी मला फाटकातूनच परत पाठवलं होतं. बाकीच्या चार ठिकाणीही तेच. सोमवारी मी गेट्सहेडच्या सफेद्याच्या कारखान्यात थर्झाला कळू नये म्हणून दुसरं नाव सांगितलं आणि पाटी डोक्यावर घेतली. एकदा शिसं लागलेल्या बाईला ते दुसऱ्यांदा लवकर लागतं. हेही मला ठाऊक होतं.

जुलैच्या एका रविवारी मी धक्क्यावर गेले. घराबाहेर पडण्याआधी चेहरा तीनदा धुतला होता. थर्झा फळीवर चढली. गाल भरले होते, हिरड्या गुलाबी झाल्या होत्या. तिनं किटली उचलली आणि वीसच्या पुढे कितीतरी वेळ धरून ठेवली, मस्तीत. बायका टाळ्या पिटत होत्या. मला रडू आलं. आनंद होताच, आणि रागही इतका की कुणावर काढावा कळेना.

शेजारच्या पोक्त बाईनं मला कोपरानं ढोसलं. "खरंच गुण येतो का हो याचा?"

मी थर्झाकडे पाहिलं. मी नाही म्हटलं असतं तर तिच्या पायाखालची फळी गेली असती.

"येतो," मी म्हटलं. "माझी सख्खी बहीण आहे ती."

बाईनं दोन बाटल्या घेतल्या.

सगळं आटोपल्यावर थर्झा धावत आली. "पाहिलंस ना? आता तरी मान! काकवी म्हणे! काकवीनं हात वर येतो होय?" मग तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. "किती फिकट झालीस गं ताई. दोरखंडाचं काम झेपत नाही तुला. साहेबांना विचारून आणते थांब."

ती बाटली घेऊन आली आणि माझ्या खिशात कोंबली. "सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. माझी शपथ आहे. हट्टीपणा पुरे झाला."

"घेते," मी म्हटलं.

पुलावर पोटात कळ आली तेव्हा ती बाटली बाहेर काढली. बूच मला दातांनी काढावं लागलं.