निळ्याचा हेवा

मी निळ्या बोलतोय. उंची सहा इंच, छाती रुंद, गुडघे, कोपर, मान सगळं वळणारं. सुपरहिरो आहे मी. आम्हाला जमवणारे लोक आम्हाला अ‍ॅक्शन फिगर म्हणतात. बाहुलं म्हटलं की त्यांना राग येतो. मलाही येतो.

दुष्टांना धूळ चारणं हे माझं काम आहे, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. पण खरं सांगतो, आयुष्यभर मी एकच काम मनापासून केलं. हेवा केला.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात साच्यातून झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती जळगावच्या एका खेळण्यांच्या दुकानात. काचेमागे तीन महिने उभा होतो. मग धुळ्याहून एक तरुण आला. देवपूरच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक म्हणून नुकताच लागला होता. नाव संघपाल. त्याने दुकानातली सगळी खेळणी सोडून मलाच निवडलं.

घरी पोहोचेपर्यंत त्याला धीर धरवला नाही. एरंडोलला एस.टी. थांबली तेव्हाच त्याने खोकं फाडलं आणि मला खिडकीपाशी उभं केलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, भाच्यासाठी घेतला का? संघपाल लाजून हो म्हणाला. त्याला भाचाच नव्हता.

त्याच्या टेबलावर मी पहिला. नंतर एकेक करत साठ-बासष्ट जण आले. कोणी रद्दीवाल्याकडून, कोणी टपालाने, कोणी एका पायाचा, कोणी बिनडोक्याचा. संघपाल त्यांना गरम पाण्यात बुडवायचा, प्लास्टिक मऊ झालं की एकाचे हात काढून दुसऱ्याला बसवायचा. पाइपाची गळती बुजवतात त्या पुट्टीने नवे खांदे घडवायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि मग बारीक ब्रशने रंगवायचा. अशाने बाजारात मिळत नाही असा नवाच वीर तयार व्हायचा.

पण त्याने हे सगळं आधी माझ्यावर करून पाहिलं होतं. नेलपेंट काढायच्या द्रवाने माझा मूळ रंग उतरवला आणि महिनाभर बसून नवा दिला. डोळ्यांच्या बाहुल्या तर टाचणीच्या टोकाने रंगवल्या. "तुझ्यासारखा दुसरा कुठेच नाही, निळ्या," असं तो म्हणाला होता. हे वाक्य मी जपून ठेवलं. बाकीचे आले तरी टेबललँपच्या उजेडातली जागा माझीच होती.

मग त्याचं लग्न झालं.

मृणाली सावद्याची. तिचे वडील केळीच्या वखारीत कामाला. ती येताना शिलाई मशीन घेऊन आली. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे मशीन नेमकं आमच्या टेबलाला चिकटून बसलं. माझ्या लँपचा अर्धा उजेड त्या दिवशी तिच्या सुईवर गेला.

मला ती आवडली नाही. संघपाल पूर्वी रंगवताना माझ्याशी बोलायचा. आता तो तिच्याशी बोलू लागला. ती शिवता शिवता विचारायची, याची ताकद काय, हा कोणाशी लढतो, याच्या अंगात उकडत नाही का. आणि तो मूर्खासारखा हसायचा. कॉलेजातून आल्यावर आधी टेबलाकडे वळणारी त्याची पावलं आधी स्वयंपाकघराकडे वळू लागली. एके दिवशी तिने दोऱ्यांच्या रिळांचा डबा ठेवायला जागा हवी म्हणून मला उचलून वरच्या फळीवर नेलं. मला. पहिल्याला.

वर उभा राहून मी दिवस मोजत होतो, की कधी हिच्या हातून काहीतरी चूक होईल.

ती झाली. दुपारची वेळ, संघपाल कॉलेजात. मृणाली फळी पुसत होती, तिच्या ओढणीत माझा पाय अडकला आणि मी फरशीवर आपटलो. उजवा हात खांद्यातून तुटून मशीनखाली गेला. दुखलं असेल, पण मला आनंदच झाला. आता तो येईल, माझी दशा पाहील आणि हिला कळेल या घरात पहिला कोण ते.

ती घाबरली. हात शोधला, गोंदाने चिकटवून पाहिला. तो काही नीट बसेना, खांद्यापाशी भेग दिसत राहिली. मग तिने चिंध्यांचं गाठोडं सोडलं. ब्लाउजचा उरलेला गर्द निळा तुकडा काढला, माझ्या खांद्यांची मापं घेतली आणि शिवायला बसली. चार तास. काठाच्या आत तिने पितळेची बारीक तार घातली, म्हणजे पाठीवरचा झगा वाऱ्यावर उडतोय असा थांबेल. भेग झग्याखाली झाकली गेली.

संघपाल आल्यावर तिने लपवलं नाही. म्हणाली, "माझ्या हातून पडला. हात तुटलाय त्याचा. जमेल तेवढं केलं."

त्याने मला उजेडात धरलं. मी वाट पाहत होतो. तो काठावरून बोट फिरवत म्हणाला, "मृणाली, टाका दिसतच नाही."

त्या संध्याकाळी त्या दोघांनी चहा टेबलावरच घेतला, माझ्यासमोर. आणि त्या दिवसापासून ती दोघं मिळून काम करू लागली.

तो देह घडवायचा, ती कपडे शिवायची. प्लास्टिकचे कोट गेले, खरी कापडं आली. इवलेसे खिसे, इवल्या गुंड्या. संघपालची आई भागाबाई सुरुवातीला म्हणायची की घोड्याएवढा झाला तरी खेळतोय. आता तीही सुईत दोरा ओवून द्यायला बसू लागली.

मग अक्का आली. तिची कल्पना पूर्णपणे मृणालीची. ती म्हणाली, सगळे वीर त्या घट्ट कपड्यांतच का असतात? माझी आजी नऊवारीचा काचा मारून केळीचे घड डोक्यावर घेऊन पळायची, तिला कोणी वीर का म्हणत नाही? मग एका मोडक्या फिगरवर संघपालने रापलेला, सुरकुतलेला चेहरा घडवला आणि मृणालीने हिरवं नऊवारी शिवलं. एवढ्याशा कापडाला तिने खऱ्या लुगड्यासारख्या निऱ्या पाडल्या. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर गॉगल, पाठीवर लाल झगा.

अक्काला लँपच्या उजेडातली जागा मिळाली. माझी जागा. घरी येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारायचा, ती नऊवारीवाली कुठे आहे? मी तिच्या निऱ्यांकडे बघत राहायचो आणि मनात म्हणायचो, उसवू दे. एक तरी उसवू दे.

गेल्या डिसेंबरात जळगावला अशा फिगर जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. मृणालीला एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचे ब्लाउज त्याच दिवशी शिवून द्यायचे होते, म्हणून संघपाल एकटाच निघाला. आमच्यापैकी वीस जणांना मऊ कपड्यांत गुंडाळून नेलं. मीही होतो. अक्का तर होतीच.

सकाळपासून आमच्या टेबलाभोवती गर्दी. मी संघपालच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पहिला माणूस म्हणाला, रंगकाम ठीक आहे, पण शिवण काय सुंदर आहे. दुसराही तेच म्हणाला. तिसरी एक बाई होती, तिने अक्काचा चेहरा पाहिलाही नाही, निऱ्याच मोजल्या. त्या चेहऱ्यासाठी संघपालने सहा रविवार घातले होते. त्याचं हसू हळूहळू आखडत गेलं. ओठ हसत होते, डोळे नाही. ती नजर मला ओळखीची वाटली, पण कुठली ते चटकन कळेना.

दुपारी आयोजक प्रेमराज मोबाइल घेऊन आले. व्हिडिओ काढत त्यांनी विचारलं, "आणि भाऊ, हे कपडे कोणाकडून शिवून घेतले?"

संघपालने अक्काकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

"मीच शिवले," तो म्हणाला. "सगळं मीच करतो."

मला हर्ष व्हायला हवा होता. मृणालीचं नाव पुसलं गेलं होतं, हेच तर मला हवं होतं. पण मला तेव्हा ती नजर ओळखू आली. अक्काकडे बघतानाची ती माझी नजर होती. मी तर प्लास्टिकचा. माझ्या हेव्याने कोणाचं काही बिघडत नाही. त्याच्या हेव्याला मात्र तोंड होतं.

पहिलं बक्षीस संघपालला मिळालं. घरी त्याने बक्षिसाची ढाल दाखवली, व्हिडिओचं मात्र सांगितलं नाही. दोन दिवसांनी तो व्हिडिओ मृणालीच्या मोबाइलवर आला. तिने तो भागाबाईसोबत बसून पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि मशीनवर झाकण घातलं.

ती भांडली नाही. जेवण वाढत होती, हवं नको विचारत होती. गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवायची, पण मशीन तिने आतल्या खोलीत नेलं. बोलली ती भागाबाई. रागावली की ती अहिराणीवर यायची.

"तिनी शिवं आनि नाव तू लिसनी ऊना," ती मुलाला म्हणाली. "हाई चांगलं नही शे, संघपाल."

तो म्हणाला, तोंडातून निघून गेलं, एवढं काय त्यात. पण त्याची मान वर झाली नाही.

टेबल पुन्हा आम्हा दोघांचं झालं. पूर्ण उजेड माझा. अक्काला त्याने कपाटात ठेवलं होतं. एका संध्याकाळी त्याने स्वतः सुई घेतली आणि एका नव्या वीरासाठी झगा शिवायला बसला. दोरा गुंतला, बोट टोचलं, काठ वाकडा गेला. शेवटी त्याने ते कापड चुरगाळून बाजूला ठेवलं आणि मला हातात घेऊन नुसता बसून राहिला. किती वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. पण त्याचे हात गार होते, आणि कान आतल्या मशीनच्या आवाजाकडे.

मग तो उठला, आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी त्याच्या मुठीतच होतो.

"मला तुझा हेवा वाटला, मृणाली," तो म्हणाला. "सगळे तुझंच कौतुक करत होते. मला सहन झालं नाही."

तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, "मला माहीत आहे. मला सांगून काय होणार? जिथे बोललात तिथे सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जळगावला गेलो, संघपाल, अक्का, मी आणि ती ढाल. प्रेमराजच्या घरी त्यांच्या मंडळातले दहा-बारा जण जमले होते. संघपालने ढाल समोर ठेवली आणि व्हिडिओ काढायला सांगितला. प्रेमराज म्हणाले, जाऊ द्या भाऊ, घरातलीच गोष्ट आहे, कोण विचारतंय. तो हटला नाही. उभा राहून म्हणाला की मी खोटं बोललो, यातला एकही टाका माझा नाही, हे सगळं मृणालीने शिवलं आहे आणि अक्का तर तिलाच सुचली. एक जण फिदीफिदी हसला. दुसऱ्याने विचारलं, मग तुमचं त्यात काय? तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर गेला आणि पुढचे आठ दिवस त्याची चेष्टा चालली. त्याने ती सगळी वाचली. ग्रुप सोडला नाही.

मृणालीने व्हिडिओ पाहिला. दोन दिवस ती आतल्या खोलीतच शिवत राहिली. तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, "धरा जरा एका बाजूने." आणि दोघांनी मशीन उचलून बाहेर आणलं.

आता मे महिना आहे. धुळ्याचं ऊन असं, की आमचे सांधे सैल पडतात. टेबलावर नवी मंडळी उभी राहतायत, त्यांच्या पायाखालच्या लाकडी पट्टीवर दोन नावं लिहिलेली असतात. अक्का उजेडात आहे. माझी जागा तिच्या डाव्या हाताला, थोडी सावलीत. चिकटवलेल्या हातात आता काही धरता येत नाही. रंग नाकावरून उडालाय.

हेवा गेला का? नाही गेला. लोक अक्काकडे झुकले की अजून माझ्या पोकळ छातीत काहीतरी टोचतं. पण मला तोंड नाही, हे बरंच आहे.

कधी देवपूरला आलात तर आमच्याकडे या. हे कोणी केलं, असं विचारा. संघपाल म्हणेल मृणालीने, मृणाली म्हणेल यांनी, आणि दोघं थोडा वेळ त्यावरूनच वाद घालत बसतील. तेवढ्या वेळात, कोणाचं लक्ष नसताना, एकदा माझ्याकडे बघा.