दिलेल्या मालमत्तेचा रकाना

शालनबाईंच्या सहीला माहेरी मोठा मान होता. माणसाला नव्हता असं नाही, पण सहीला जरा जास्तच. तळवड्याच्या जमिनीतला एखादा तुकडा रस्त्यात गेला किंवा विकला, की धाकटा भाऊ शेखर गाडी घेऊन सासरी निघोज्यात दारात हजर. "आक्का, आवर. सहीला जायचंय." आक्का आवरायच्या. कुठल्या कागदावर, कशासाठी, हे विचारायचं म्हणजे भावावर संशय घ्यायचा, आणि ते पाप शालनबाईंनी चोपन्न वर्षांत केलं नव्हतं. शेजारच्या सुमनताईंनी भावांकडून आपला वाटा मागून घेतला, तेव्हा ह्याच बाईनं ओट्यावर बसून चार जणींना सांगितलं होतं, "असला पैसा अंगी लागत न्हाई गं बया." घ्या आता.

शेवटच्या सहीला दीड वर्ष झालं. वडिलांची, चिमाजींची, आयटी पार्कच्या कुंपणाला लागून अकरा गुंठे तेवढी उरली होती. त्यातला आपला हिस्सा शालनबाईंनी हक्कसोडपत्र करून शेखरला सोडला. एक रुपया घेतला नाही. आपल्याकडं बहिणी घेतही नाहीत. साडी घेतात आणि आशीर्वाद देतात. निबंधकाच्या कचेरीत अंगठा झाला, कॅमेऱ्यात बघून फोटो झाला, बाहेर आल्यावर भावजय नीलानं हिरवी साडी हातावर ठेवली, मग हॉटेलात थाळी झाली. बिल देता देता शेखर म्हणाला, "आक्का, जाता जाता चिंचवडला बँकेत एक सही हाय. साक्षीदार म्हणून."

बँकेतला माणूस पानं उलटत गेला, पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या जागा दाखवत गेला आणि शालनबाई सह्या करत गेल्या. अठरा सह्या. साक्षीदाराला एवढ्या लागतात होय, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण पोटभर जेवण झालेलं, एसीचा गारवा, आणि भाऊ शेजारीच बसलेला. आजवर त्यांची सही फक्त काहीतरी सोडायच्या कामाला आली होती. सहीनं माणूस अडकतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

यंदा संक्रांत झाली आणि बँकेची नोटीस आली. शेखरचा तळवड्यातला प्रेसशॉप बंद पडला होता, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढायचा कारखाना तो. त्याच्या कंपनीनं कर्ज बुडवलं, सबब जामीनदारांनी भरावं, अठ्ठ्याऐंशी लाख रुपये. जामीनदार दोन: एक शेखर, दुसऱ्या शालनबाई. न भरल्यास शालनबाईंच्या निघोज्यातल्या आठ खोल्यांवर कारवाई होईल.

खोल्यांचं नाव आलं ती ओळ बाईंनी दोनदा वाचली. त्यांचे यजमान रंगराव कंपनीत क्रेन चालवायचे. ते गेल्यावर कंपनीतून जे काही हातात आलं, ते सगळं त्या आठ खोल्यांत घातलं होतं. चाकणच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे लातूर-नांदेडकडचे कामगार तिथं भाड्यानं राहतात. त्या भाड्यावर घर चाललं, त्या भाड्यावर मुलगी तनुजा शिकली आणि कंपनीत क्वालिटीला लागली. खोल्या गेल्या तर म्हातारपणी लेकीच्या दारात जाऊन बसायची पाळी येणार होती.

शेखर आला आणि लहान मुलासारखा रडला. "मी बी बुडालो आक्का. ऑर्डरी बंद झाल्या, सगळंच बसलं." शालनबाईंनी काय करावं? त्याला पाटावर बसवून जेवायला वाढलं. वर पाठीवरनं हात फिरवला. तनुजा स्वयंपाकघरात दात-ओठ खात उभी होती. तो गेल्यावर ती तडकली, "साक्षीदार म्हणून नेलं होतं ना तुला?" शालनबाई म्हणाल्या, "धंदा हाय, बसतो. त्यानं काय मुद्दाम केलं का?" त्यांचा खरोखरच तसा विश्वास होता.

तनुजानं ओळखीपाळखीतून चिंचवडच्या एक वकील शोधल्या, प्राजक्ता नावाच्या. स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. वयानं तनुजाएवढीच, पण बोलणं स्वच्छ.

"काकू, कायद्यात एक वाट आहे. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज करता येतो, मुंबईच्या न्यायाधिकरणाकडं."

"दिवाळखोरी? माझं दिवाळं? मी कुणाचं काय खाल्लंय?"

"कुणाचं खाल्लेलं नाही, म्हणूनच करायचा. अर्ज केला की बँकेची कारवाई तात्पुरती थांबते. मग आपण परतफेडीची योजना मांडायची. पाच वर्षं भाड्यातला मोठा भाग बँकेला, शिवाय ह्या हातातल्या पाटल्या आणि गळ्यातली बोरमाळ मोडून एक रक्कम. बँकेला पटलं, न्यायाधिकरणानं मान्य केलं, तुम्ही ते वेळेवर फेडलं, की उरलेल्या कर्जातून तुम्ही सुटलात. खोल्या तुमच्याच राहतात."

"आन् न्हाई पटलं तर?"

"तर खोल्या लिलावात जातील. आणि एक अट आहे काकू. अर्जात काही लपवायचं नाही. एक ओळ जरी खोटी निघाली, तर योजना तिथंच संपली."

लपवायला होतंच काय? शालनबाईंनी घडाघडा सगळं सांगितलं. खोल्या, दागिने, पोस्टातले पैसे, एक शिवणयंत्र. प्राजक्ता रकाने भरत गेली. एका रकान्याशी थांबली. "गेल्या दोन वर्षांत कुणाला काही दिलंय? विकलंय, बक्षीस दिलंय, हक्क सोडलाय?"

"सोडलाय की. भावाला. त्येच दिवशी बँकेतबी गेलो होतो."

प्राजक्तानं मान वर केली. "एकाच दिवशी?" मग तिनं कॉम्प्युटरवर तळवड्याचा गट क्रमांक शोधला. नोंदी एकेक उघडून वाचल्या. मग स्क्रीनच त्यांच्याकडं वळवली. हक्कसोडीनंतर तीन आठवड्यांत शेखरनं ती अख्खी अकरा गुंठे बक्षीसपत्रानं नीलाच्या नावावर केली होती. नीला जामीनदार नव्हती. म्हणजे बँकेनं शेखरची झडती घेतली तर त्याच्या नावावर सापडायला काही नव्हतं, आणि शालनबाईंच्या नावावर आठ खोल्या होत्या.

"मामाला तेव्हाच माहीत होतं," तनुजा म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं," शालनबाई लेकीवर खेकसल्या. पण मनात हिशेब सुरू झाला होता. कारखाना बसला तो वर्षभरानं. मग जमीन हलवायची घाई दीड वर्षापूर्वी कशाला?

प्राजक्ता म्हणाली, "हे लिहावं लागेल काकू. आणि लिहिलं की बँक त्या जमिनीच्या मागं लागणार. जवळच्या नातेवाइकाला, फुकट, दोन वर्षांच्या आत दिलेलं असलं की असा व्यवहार उलटवून मागता येतो."

"म्हंजी शेखरची जमीन जाणार?"

"तुमची, काकू. तुमचा हिस्सा."

हे असं कधी कुणी त्यांना म्हणालंच नव्हतं. शालनबाईंनी आठ दिवसांची मुदत मागितली आणि घरी येऊन जे कुठल्याही शहाण्या माणसानं केलं नसतं ते केलं: शेखरला फोन लावला. भावाला न सांगता त्याच्याविषयी कोर्टात लिहायचं त्यांना बरं दिसेना. तनुजानं कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी दुपारी शेखर आणि नीला आले. ह्या वेळी रडारड नव्हती. शेखर खुर्चीवर बसला, आणि आधी खोल्यांचं भाडं सध्या किती येतं ते विचारलं. मग हळूच मुद्द्यावर आला.

"एक ओळ हाय आक्का. न्हाई लिहिली तर कोण बघाय येतंय? आमच्या त्या कागदाकडं बँकेचं अजून ध्यान न्हाई. तू लिहिलंस की सगळं उकरून काढतील."

"आन् खोटं धरलं तर माझ्या खोल्या जातील त्याचं काय?"

"न्हाई धरत कोण. तुझं तर त्या योजनेत भागतंय. आमी कुठं जायचं?" मग आवाज बदलला. "हे बघ, स्पष्ट बोलतो. तू लिहिलंस तर तळवड्याचं दार तुला बंद झालं समज. मी म्हणलो तरी पोरं उघडू द्यायची न्हाईत. आई-बापाच्या मागं माहेर म्हणून एवढंच हाय तुला."

शालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माहेर म्हणजे आता दुसरं काय होतं? दिवाळीतलं ओवाळणं, उरसाला पोळ्यांचं जेवण, गावात चार बायांनी 'चिमाजींची शालन आली' म्हणणं. ते नको असं म्हणायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि भावानं ते असं दुकानातल्यासारखं समोर मांडावं हेही सहन होईना.

"शेखर, एक सांग. मला साक्षीदार म्हणाला होतास ना रं?"

"तवा तसंच होतं."

"मग तीन आठवड्यात जमीन हिच्या नावावर कशापायी केलीस?"

शेखर फोनकडं बघत बसला. उत्तर दिलं नीलानं. तिला राग आला होता असंही नाही. बाजारभाव सांगावा तशी ती बोलली.

"वन्सं, उगाच वकिली करू नका. बँकेला दुसरा जामीनदार पाहिजेच होता, नावावर काहीतरी असलेला. आधी माझंच नाव ठरलेलं. माझ्या माहेरची दोन एकर माझ्या नावावर हाय. पण माझे भाऊ आले बँकेत. दोघांनी बसून कागद वाचला, आन् मला हाताला धरून उठवली. आमची बहीण सही करणार न्हाई म्हणाले. मग राहिलं कोण?"

 

शालनबाईंना अठ्ठ्याऐंशी लाखांनी जेवढं लागलं नव्हतं, जमिनीनं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. भावजयीचा त्यांनी कधी कशाबद्दल हेवा केला नव्हता. तिच्या गाडीचा नाही, दागिन्यांचा नाही. आज तिच्या भावांचा वाटला. ते दोघं बँकेत शिरले असतील, चष्मे लावून कागद वाचला असेल, ह्याच अठरा जागा बघितल्या असतील आणि बहिणीला तिथून उठवून नेलं असेल. आणि त्या रिकाम्या झालेल्या खुर्चीत ह्यानं मला आणून बसवली. थाळी खाऊ घालून आणली!

"केसानं गळा कापलास रं माझा," त्या म्हणाल्या.

शेखर उसळला. "मग मी काय करायचं होतं? चाळीस माणसं होती कामावर. पगार कुठनं देणार होतो? ते कर्ज मिळालं नसतं तर त्याच महिन्यात बसलो असतो."

"मला सांगायचं होतं. वाचून दाखवायचं होतं."

"वाचून दाखवलं असतं तर केली असतीस का सही?"

शालनबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी केली असती. तेच तर तुला कळलं न्हाई मेल्या."

 नीलानं पर्स उचलली. पायऱ्या उतरताना शेखर इतकंच म्हणाला, "विचार कर आक्का. एकाच ओळीचा प्रश्न हाय." शालनबाईंनी त्यांना जेवायला थांबा म्हटलं नाही. भावाला असं उपाशी पाठवायची त्यांची ही पहिलीच खेप होती, आणि गाडी वळून गेल्यावर त्या घटकाभर ओट्यावरच बसून राहिल्या. तनुजानं चहा आणून दिला तोही निवून गेला.

मंगळवारी त्या प्राजक्ताच्या ऑफिसात गेल्या, तनुजाला फर्स्ट शिफ्ट होती म्हणून एकट्याच. अर्ज तयार होता. प्राजक्तानं पेन पुढं केलं. शालनबाईंनी ते बाजूला ठेवलं, पिशवीतून चष्मा काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सगळी पानं. एक शब्द अडला की विचारायच्या. बाहेर दुसरे अशील येऊन बसले, प्राजक्ताचा फोन दोनदा वाजला, पण तिनं घाई केली नाही. दिलेल्या मालमत्तेच्या रकान्याशी आल्यावर बोट थांबलं. जमीन, तळवडे. तारीख. मोबदला, काही नाही. दिली कुणाला, शेखर चिमाजी. अर्जदाराशी नातं, भाऊ.

"हितं कमी लिहिलंय," शालनबाई म्हणाल्या.

प्राजक्ता वाकून बघू लागली. "काय राहिलं काकू? तारीख बरोबर आहे. भाऊच ना?"

"नुसतं भाऊ लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटंल, असंल कुणी चुलत, मावस."

"कायद्याला तेवढं पुरतं, काकू."

"कायद्याला पुरत असंल," शालनबाई म्हणाल्या. बोट त्या शब्दावरून हललं नाही. "सख्खा लिहा."