वितोल्डचं इंग्रजी

नसरुद्दीन परांचीवरून पडला त्याला दोन महिने होऊन गेले होते. रायगडचा हा फिटर इस्पितळात कमरेखाली लुळा होऊन पडला होता आणि दोष कोणाचा, हे ठरवायला कंपनीने चौकशी नेमली होती. लक्षणं पाहता दोष वितोल्डच्या गळ्यात पडणार होता. परांचीच्या तपासणी अहवालावर सही त्याची होती.

वितोल्ड पोलंडचा, पन्नाशीतला सुरक्षा पर्यवेक्षक. अहवाल टाइप करायचा कौशिक. फिजिक्समध्ये एमएस्सी करून दोहात कागदपत्रं सांभाळणारा हा पोरगा दर आठवड्याला जुन्याच अहवालाची तारीख बदलायचा. साइटचे मॅनेजर विजय सर, त्यांची सूचनाच तशी होती. वितोल्डला इंग्रजी वाचता यायचं नाही. समोर आलेल्या कागदावर तो सही ठोकायचा. अपघाताच्या दिवशी परांचीचा सैल क्लॅम्प हलवून त्याने फोरमनला दोनदा बजावलं होतं, "नो गुड, नो गुड!" कौशिक शेजारीच उभा होता. तरी अहवालात नेहमीचंच वाक्य गेलं: तपासणी केली, दोष आढळला नाही.

अपघातानंतर वितोल्ड कौशिकच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटवर आला. "मला शिकव," मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "माझ्या तोंडाने सांगायचंय. तुझं नाव घेणार नाही. मला वाचता येत नव्हतं, एवढंच सांगेन."

कौशिकने कंपनीच्या दोनशे अहवालांमधली क्रियापदं मोजली, कोणतं कोणत्या नामाबरोबर येतं ते पाहिलं आणि कार्डं केली. रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली.

"मेक अ मिस्टेक, पण डू डॅमेज," वितोल्ड वैतागायचा. "का? आमच्याकडे सगळ्याला एकच, रोबिच."

"आमच्याकडेही एकच, करणं. स्वयंपाकही करतो आणि खूनही करतो."

"मग इंग्रजांनाच काय झालंय?"

स्वयंपाकघरातून कौशिकचा रूममेट पियूष ओरडायचा, "अरे, विठोबाला आधी चहा तरी पाज!"

तिघं हसायचे. तेवढ्यापुरता कौशिकला नसरुद्दीन आठवायचा नाही.

चौकशीच्या रविवारी विजय सर अध्यक्षांच्या खुर्चीत होते, कौशिक कोपऱ्यात इतिवृत्त टाइप करत होता. वितोल्ड उभा राहिला. "आय गेव्ह अ व्हर्बल वॉर्निंग, ट्वाइस. द फोरमन टुक नो अ‍ॅक्शन." एकही क्रियापद चुकलं नाही. कौशिकची छाती फुगली.

"इंग्रजी उत्तम आहे तुझं," विजय सर म्हणाले. "आणि म्हणतोस, अहवाल वाचता येत नव्हता?"

"तेव्हा येत नव्हता."

"दोन महिन्यांत शिकलास?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. वितोल्ड समजावून सांगू लागला. किती तास बसलो, कसा सराव केला. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा नेटकं होतं आणि प्रत्येक वाक्यागणिक समोरच्यांचा विश्वास उडत चालला होता. कौशिकच्या लक्षात आलं: हा माणूस अडखळला असता तर वाचला असता.

विजय सर कोपऱ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "कौशिक, तूच शिकवलंस ना? आधी याला कितपत येत होतं? जपून बोल हं. अहवाल टाइप कोणी केला, तेही मग निघेल."

पहिल्या संध्याकाळी चाळीस कार्डांपैकी वितोल्डने तीन बरोबर सांगितली होती. आकडा तारखेसकट कौशिकच्या वहीत होता, आणि वही बॅगेत.

"शिकवणीआधीची त्याची पातळी मी मोजलेली नाही, सर," कौशिक इंग्रजीत म्हणाला.

वितोल्डला शब्द न् शब्द समजला. त्याने कौशिककडे पाहिलं, मग टेबलावरच्या आपल्या हातांकडे.

"खलास," विजय सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. कौशिक इतिवृत्तात आपलंच उत्तर टाइप करू लागला.