बेट कापताना

निकानोरने करवतीचे एक टोक उचलले. दुसरे टोक धरायला धाकटा एवारिस्तो पुढे झाला, तसा निकानोरने हातच काढून घेतला. लांबलचक पाते लव्हाळ्यांवर आडवे पडले.

"ताई, तू धर," पाण्याकडे बघत तो म्हणाला.

साबिना सकाळच्या होडीने काठावरच्या पुनो शहरातून आली होती ती दोघा भावांची समजूत घालायला. पण इथे नांगराचे दोर आधीच सोडून ठेवलेले. तितिकाका सरोवराच्या पाण्यावर तरंगणारे हे बेट वडिलांनी लव्हाळ्यांच्या मुळांचे गठ्ठे एकमेकांना बांधून उभे केले होते. पटेनासे झाले की बेट कापून वेगळे व्हायचे, ही इथली रीतच. त्यात नवल नव्हते. पण या भावांत कधी भांडण झालेच नव्हते. पावसाळ्यात निकानोर आणि त्याची बायको आपल्या लेकीला, लुस्मिलाला, एवारिस्तोवर सोपवून बाजाराला गेले. चार वर्षांची पोर. एवारिस्तो जाळ्याच्या गाठी सोडवत बसला, आणि ती पाण्यात पडून बुडाली. तेव्हापासून निकानोर त्याच्याशी अवाक्षर बोलला नव्हता.

"निदान शिव्या तरी घाल त्याला," करवत ओढता ओढता साबिना हळूच म्हणाली.

"ओढ तू."

"आणि आईनं कुठं जायचं?"

तो थांबला नाही. मुळांचा ओला, काळा भुगा पात्याला चिकटून वर येत होता. चिरेत पाणी दिसू लागले. बेटाच्या मधोमध चुलीपाशी म्हातारी बटाटे सोलत होती. करवत जवळ आली तशी ती उठली. मातीची चूल तिने कवेत धरली, थोरल्याच्या दारात नेऊन ठेवली आणि स्वतः धाकट्याच्या बाजूला येऊन बसली.

"अगं आई, चूल तिकडं आणि तू इकडं?"

"थोरल्या सुनेला हल्ली रांधायचं सुचत नाही. दारात चूल दिसली तर पेटवेल तरी." म्हातारीने एवारिस्तोच्या रांगत्या पोराला मांडीवर ओढले. "आणि इथं याच्यावर डोळा ठेवायला कुणीतरी हवं."

एवारिस्तोने मान वर केली नाही.

शेवटची मुळे तुटली तेव्हा पायाखालचे बेट किंचित हलले. एवढेच. एवारिस्तोने आपला तुकडा होडीला बांधला आणि वल्ही मारू लागला. मधले पाणी हातभर झाले, मग होडीभर. येतो म्हणाले नाही कुणी, जा म्हणाले नाही. दूर मोकळ्या पाण्यात, जिथून कुणाचे तोंड दिसणार नाही अशा जागी, तो थांबला आणि नांगराचा दगड त्याने दोन्ही हातांनी उचलला.

"तिथं नको!"

साबिना दचकली. निकानोर कापलेल्या काठाशी येऊन उभा होता.

"खोल आहे तिथं. अलीकडं ये, लव्हाळ्यात. लहान पोर आहे तुझं."

एवारिस्तो दगड तसाच छातीशी धरून उभा राहिला. मग त्याने तो होडीत खाली ठेवला आणि होडी वळवली.

निकानोरने साबिनाच्या हातातली करवत घेतली आणि ती धुवायला पाण्यावर वाकला. पाते केव्हाच स्वच्छ झाले होते. तरी तो धूतच राहिला.