लोणखेडीच्या पऱ्हाटीचे फोटो

बोरी अरबच्या बाजारओळीत मधुसूदनकाकाजींचा फोटो स्टुडिओ होता. नाव त्यांचं असलं तरी काम दीपाच ओढायची. सहा वर्षांपूर्वी ती पासपोर्टचे फोटो कापायला म्हणून तिथं लागली, आणि काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर बाहेरची सगळी कामं तिच्याकडे आली. बुद्धविहारातली लग्नं, शाळेची गॅदरिंगं, निरोपसमारंभ, तांड्यावरची बारशी. बाया तिला आवर्जून बोलवायच्या, कारण ती बायांत मिसळून फोटो काढायची आणि पदर सावरायला वेळ द्यायची.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. त्या वर्षी दिवाळीला काकाजींचा मुलगा अभिषेक पुण्याहून आला, तो वडिलांसाठी नवा कॅमेरा घेऊन. घरात एक आधीच होता. तोही डिजिटल, लेन्स बदलता येणारा, पण जुना आणि वजनदार. मुठीजवळचं रबर निघालं होतं, तिथं दीपानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. पुसदचा एक फोटोग्राफर दोन्हींपैकी कोणताही घ्यायला तयार होता. काकाजींनी दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, की आपल्याला एकच पुरे. महिनाभर दोन्ही वापर आणि कोणता ठेवायचा ते तूच सांग.

दीपानं हे काम फार मनावर घेतलं. तिनं एक वही केली आणि जे जे एका कॅमेऱ्यानं टिपलं ते लगेच दुसऱ्यानंही टिपायची सवय लावून घेतली. नवा हलका होता, दिवसभर गळ्यात असला तरी मान दुखत नसे. मागचा पडदा मोठा, त्यामुळे नवरीकडच्या बायांना फोटो दाखवता येई. अंधाऱ्या माजघरात जुन्याच्या फोटोत दाणे यायचे, नव्याचे स्वच्छ निघायचे. पण नव्याची बॅटरी दुपारच्या पंगतीपर्यंत मान टाकायची. जुन्याची हळदीपासून पाठवणीपर्यंत चालायची. जिनिंगच्या मालकांनी पूजेचे फोटो काढायला बोलावलं तेव्हा कापसाचे तंतू सगळीकडे उडत होते. नव्याच्या बटणांच्या फटीत ते जाऊन बसले आणि दीपाला दातकोरणीनं एकेक धागा काढावा लागला. जुन्याचं एक बटण तर महिनोन्‌महिने अर्धं दबलेलं राहूनच काम करत होतं, त्याला कशाचं काही नव्हतं. तिनं हे सगळं वहीत उतरवलं, आणि तरी तिचा निकाल लागेना.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई उघडली. पहिलंच लग्न दारव्ह्याच्या रस्त्यावर होतं, भर दुपारी, गडद लाल कापडाच्या मांडवात. वरून ऊन आणि खाली लाल उजेड. नवरा-नवरीच्या तोंडावर शेंदूर फासल्यासारखे फोटो येऊ लागले. दीपानं नव्या कॅमेऱ्यात बरीच बटणं दाबून रंगांची एक जागा शोधली, तिथली खूण लालाकडून हिरव्याकडे सरकवली, आणि चेहरे माणसांसारखे दिसू लागले. जुन्यात असं काही करता येत नव्हतं. त्या रात्री वहीत तिनं नव्याच्या बाजूला मोठी रेघ ओढली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लोणखेडीच्या तानाबाई आल्या. लोणखेडी तिथून दोन कोस, अर्धं गाव आणि अर्धा तांडा. तानाबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या आणि कचेरीत कसं बोलायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, की गावात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या पडला आहे, पानं लालभडक होऊन गळताहेत आणि बोंडं उमलायच्या आधीच सुकताहेत. सात जणांनी मिळून तालुक्याच्या कृषी कार्यालयात अर्ज करायचं ठरवलं होतं, पंचनामा व्हावा म्हणून. अर्जाला फोटो जोडायचे होते.

वावरं तुडवायची म्हणून दीपानं हलका कॅमेरा घेतला आणि जुना स्टुडिओत ठेवला. सात वावरांत ती उन्हातून फिरली, प्रत्येकाचे दोन-दोन फोटो काढले. उन्हात पडद्यावर धड काही दिसत नव्हतं. फोटो यवतमाळच्या लॅबमध्ये छापायला गेले आणि तिकडूनच तानाबाईंच्या माणसानं ते उचलून अर्जाला लावले. दीपाच्या हाती ते आलेच नाहीत.

दहा दिवसांनी तानाबाई पुन्हा आल्या, त्या अर्ज परत घेऊन. कोपऱ्यात शेरा होता, की सोबतच्या छायाचित्रांत पीक हिरवे दिसत असून रोगाची लक्षणे आढळत नाहीत. तानाबाईंनी कनवटीची पुडी सोडली आणि एक पान काउंटरवर ठेवलं. ते डाळिंबाच्या सालीसारखं लाल होतं.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या. "आन् हे तुह्ये फोटो पाह्य. आमची पऱ्हाटी इतकी हिरवी कोन्या साली होती?"

दीपानं फोटो हातात घेतले. पानं हिरवीच होती. जिथं लाल असायला हवं होतं तिथं मातकट, वाळल्यासारखं काहीतरी दिसत होतं. कोणीही म्हणालं असतं, की या पिकाला पाणी थोडं कमी पडलं असेल, एवढंच. तानाबाईंना बसायला सांगून तिनं ते पान ओसरीत कोऱ्या कागदावर ठेवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याचा फोटो काढला, महिनाभराच्या सवयीप्रमाणे, एकापाठोपाठ एक. जुन्यात पान लाल आलं आणि कागद पांढरा. नव्यात पान तपकिरी, आणि कागदावर शेवाळ धरल्यासारखी हिरवट झाक.

मग तिनं रंगांची ती जागा उघडली. खूण तिथंच होती, लग्नाच्या दिवशी तिनं सरकवली होती तिथंच. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला तरी ती जागेवरून हलत नव्हती, हे तिला माहीत नव्हतं. मधली लग्नंही तसल्याच लाल मांडवांतली होती, त्यामुळे ते लक्षातही आलं नव्हतं.

दहा दिवस गेले होते. लाल्याची पानं गळून जातात. आणखी आठ दिवसांनी शेतात दाखवायला काही उरणार नव्हतं.

तानाबाईंना तिनं तिथंच सांगून टाकलं, की चूक कॅमेऱ्याची नाही, लॅबची नाही, माझी आहे. तानाबाईंनी पान उचलून पुन्हा पुडीत बांधलं आणि विचारलं, "मंग आता काय करतं?"

"उद्या येते मी. सातही वावरांत. दोन्ही कॅमेरे घेऊन."

काकाजी आतून ऐकत होते. तानाबाई गेल्यावर ते बाहेर आले आणि त्यांनी त्यांच्या परीनं शहाणपणाची गोष्ट सांगितली. फोटो पुन्हा काढ, नव्यानं अर्ज करू दे, जुन्या फोटोंचं नाव काढू नकोस. चूक झाली असं आपणच सांगितलं तर उद्या आपल्या फोटोवर कोण भरवसा ठेवेल, बाजारात चाळीस वर्षं बसलोय मी. दीपानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काकाजी, दहा दिवसाआधी हिरवं आन् आता लाल, असे फोटो नेले तर ते म्हनतीन का कॉम्प्युटरवर रंग भरून आनले. लोनखेडीवालेच खोटे ठरतीन. पहिले फोटो काहून चुकले हे सांगितल्याबिगर दुसरे खरे कोनी मानत नाही."

काकाजींनी चष्मा पुसला आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं लोणखेडीला पोचली. एक कॅमेरा गळ्यात, एक खांद्यावर, पिशवीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक वावरात ती मालकाला झाडाशेजारी कोरा कागद धरून उभं करी. कागद पांढरा दिसला तर रंग खरा, अशी तिची साधी कसोटी होती. जुन्यानं एक फोटो, नव्यानं खूण मुद्दाम तशीच सरकलेली ठेवून दुसरा, खूण जागेवर आणून तिसरा. पहिल्या पाच वावरांत लाल्या अजून झाडावर होता, बांधावरून पाहिलं तर आख्खा पट्टा विस्तवासारखा दिसत होता. सहावं वावर लखीरामचं आणि सातवं त्याच्या भावाचं. तिथं मुरमाड, हलकी जमीन. पानं गळून गेली होती, नुसत्या काड्या उभ्या होत्या. लखीरामनं कागद धरला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. ती जायला निघाली तेव्हा एवढंच म्हणाला, "त्या दिशी पानं होती."

बांध ओलांडताना तिचे डोळे भरून आले, पण तिनं पुढच्या गाडीची वेळ चुकवली नाही.

कृषी कार्यालयातल्या अधिकारी अनघा मॅडम नव्यानंच बदलून आल्या होत्या. नवे फोटो छापून आल्यावर तानाबाई आणि दीपा अर्ज घेऊन सकाळी साडेदहापासून बाकड्यावर बसल्या होत्या, त्यांना दोन वाजता आत बोलावलं. मॅडमनी नवे फोटो पाहिले, जुने पाहिले, आणि दीपानं जे काकाजींना सांगितलं होतं नेमकं तेच त्या म्हणाल्या, की आजकाल कॉम्प्युटरवर काहीही करता येतं.

दीपानं परवानगी मागितली आणि दोन्ही कॅमेरे मॅडमच्या टेबलावर ठेवले. टेबलावर लाल फितीनं बांधलेला फाइलींचा गठ्ठा होता. तिनं जुन्यानं त्याचा फोटो काढून पडदा मॅडमसमोर धरला. मग नव्यानं, खूण सरकवून. फीत चहाच्या डागासारखी दिसू लागली. मग खूण जागेवर आणून पुन्हा. फीत लाल. मॅडमनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला, खूण स्वतः सरकवून पाहिली, आणि खिडकीतून बाहेरच्या बोगनवेलीचा फोटो काढला. बोगनवेल विटलेली आली.

"पण ही खूण सरकवली कोणी?" त्यांनी विचारलं.

"मीच, मॅडम. लग्नासाठी लाल कमी केला होता. दुसऱ्या दिवशी शेतात गेले तेव्हा पाहिलंच नाही. गावाची काही चूक नाही यात."

"हे तुम्ही लिहून द्याल?"

तेवढ्यात दारात काकाजी दिसले. उन्हातून आल्यामुळे घामाघूम झाले होते, चाचपडत खुर्चीपर्यंत आले. ते कोणत्या गाडीनं आले, कोणी आणून सोडलं, दीपाला नंतरही कळलं नाही. तिनं कागदावर झालेली चूक तारखेनिशी लिहिली आणि खाली सही केली. काकाजींनी खिशातून स्टुडिओचा रबरी शिक्का काढला, तोंडाची वाफ देऊन ओला केला आणि तिच्या सहीशेजारी दाबला. मॅडमनी कागद वाचला. उद्याच येते, म्हणाल्या.

त्या खरंच आल्या. सोबत तलाठी आणि कृषी सहायक होते. दिवसभर वावरं पाहून त्यांनी पाच शेतांवर लाल्या नोंदवला. लखीरामच्या आणि त्याच्या भावाच्या वावरात मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी त्यांनी पेन झाकून ठेवलं. पानंच नव्हती. पहिल्या फोटोंत ती होती, पण त्या रंगावर आता विसंबता येत नव्हतं. लाल्यानं गळली की पाण्याच्या ताणानं, हे काड्यांवरून लिहिता येत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. दीपानं दोनदा विनवलं. मॅडमचा नाइलाज होता.

महिना संपला तसं काकाजींनी निकाल विचारला. त्यांना वाटत होतं, ती जुना ठेवा म्हणेल, कारण त्यानं तिला तारलं होतं. दीपानं नवा ठेवायला सांगितलं. उन्हाळ्यातली लग्नं अंधाऱ्या घरांतच जास्त असतात, तिथं जुना कमी पडतो. बॅटरी आणखी एक घेऊ. आणि त्याची ती जागा आता तिला पाठ झाली होती, कॅमेरा हातात घेतला की पहिलं काम म्हणून ती कोऱ्या कागदाचा फोटो काढत असे. जुना पुसदच्या माणसानं नेला. तो दुकानातून बाहेर पडेपर्यंत दीपा त्या ट्यूबच्या तुकड्याकडे पाहत होती. मग तिनं पासपोर्टचे फोटो कापायला घेतले.

त्या रविवारी ती लोणखेडीला गेली, कोणी बोलावलं नसताना. तानाबाईंनी सोबत येते म्हटलं, पण दीपानं नको म्हणून सांगितलं. लखीराम अंगणात बैलाच्या मानेला तेल चोळत होता. तो उठला नाही. त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

दीपानं पाणी घेतलं आणि उभ्यानंच बोलली. "दादा, कागदावर मी लिहून देल्लं, पन तुमाले तोंडानं सांगितलं नव्हतं. तुमच्या वावराचं नुकसान माह्यामुळं नोंदलं गेलं नाही. त्या दिशी मी फोटो पाह्यले असते तं झालं असतं. मॅडमकडे अजून एक अर्ज टाकून पाहू म्हनते. तुमी सही द्या. नाही झालं तरी मी जाऊन येते."

लखीरामनं हात पुसले. मग त्यानं बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला आणि दीपासमोर बाज ओढली.

"आन तो अर्ज इकडं," तो म्हणाला. "वाचून दाखव पयले."