रिती म्हटल्यावर

तानबानं गज बंदुकीच्या नळीत सोडला, वरचं टोक मुठीत धरलं, एकदा खालीवर केला आणि मान वर करून ओरडला,

“रिती!”

दोरीपलीकडच्या गावानं टाळ्या पिटल्या. ढोलवाल्यांना तेवढंच हवं होतं, ते बडवत सुटले. रूपरावनं फौजदाराची टोपी सारखी केली, तानबाकडून बंदूक घेतली आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

हा ‘रिती’ शब्द रूपरावचाच. दरवर्षी ऑगस्टात शाळेच्या पटांगणात बेचाळीसच्या मोर्चाचा देखावा व्हायचा. बेचाळीसात जिथं ठाण्यावर मोर्चा गेला ते आष्टी काही फार लांब नाही, त्यामुळे बेचाळीस म्हटलं की गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही अंगात वारं शिरायचं. ताडपत्री ताणून तिच्यावर ‘पोलीस ठाणे’ असं रंगवायचं, पांढऱ्या टोप्या घालून मोर्चा यायचा, फौजदारानं बंदूक झाडायची आणि झेंडेवाल्यानं पडायचं. फौजदार रूपराव, झेंडेवाला तानबा. दोघंही साठी ओलांडलेले, लहानपणापासून एका बैलगाडीत वाढलेले. दुसऱ्या कुणी ही कामं मागितली नाहीत आणि यांनी सोडली नाहीत.

बंदूक मात्र खरी होती. रूपरावच्या घरची, शेतातली डुकरं हाकायला परवान्यावर घेतलेली, जुन्या ठासणीची. नळीत दारू ओतायची, वरून चिंध्यांचा बोळा गजानं ठासायचा, मागं तांब्याची टोपी बसवायची, तेव्हा कुठं बाईसाहेब वाजायच्या. देखाव्यात नळी रिकामी. घोडा पडला की टोपी नुसती टक् करायची आणि त्याच वेळी ताडपत्रीमागं रोशन सुतळी बॉम्ब फोडायचा. रोशन म्हणजे उत्सव समितीचा अध्यक्ष, चार वर्षांपूर्वीपर्यंत पुण्यात नोकरीला होता, आता गावात येऊन गावाला सुधारत होता.

रूपराव होमगार्डात राहिलेला माणूस. त्यानं दोन नियम घालून दिले होते. पहिला असा, की ज्याच्यावर बंदूक झाडायची त्यानंच ती तपासायची. रिकाम्या नळीत गज त्याला बांधलेल्या लाल दोऱ्यापर्यंत आत जातो, काही भरलेलं असलं की दोरा वर राहतो. पडणाऱ्यानं दोरा बघायचा, गावादेखत ‘रिती’ म्हणायचं, मगच बंदूक झाडणाऱ्याच्या हाती जाणार. “तूच काऊन पाह्यत नाई?” असं कुणी विचारलं की रूपराव म्हणायचा,

“माह्याकून चूक होऊ शकते. पन सोताच्या जिवाशी कोन खोटं बोलन बे?”

दुसरा नियम त्याचा स्वतःपुरता होता. रिती असली तरी नळी माणसावर धरायची नाही, हातभर बाजूलाच धरायची.

गेल्या वर्षी सगळा विचका झाला. सुतळी बॉम्ब दमट होता. टोपी टक् झाली, तानबा छाती धरून कोसळला, ‘वंदे मातरम्’ म्हणून त्यानं डोळेही मिटले, आणि मग कुठं सावकाश धडाम् झालं. त्यात मोबाइलच्या चित्रणात बंदुकीची नळी भलतीकडं वळलेली स्वच्छ दिसत होती. पोरांनी ते गावभर फिरवलं. ‘झाडाले गोळी, बुढ्याले चक्कर!’ तानबा पानठेल्यावर दिसला की कुणीतरी छातीवर हात ठेवून बाकावर आडवं व्हायचंच. तानबाही हसायचा. पण पोळ्याच्या दिवशी, ज्या दिवशी तो बैलांपुढं नाचायचा, त्या दिवशी तो घराबाहेर आला नाही. रूपराव बोलवायला गेला तर “पाय दुखून राह्यला” म्हणाला. पाय ठणठणीत होता हे रूपरावला ठाऊक होतं.

ते त्याच्या मनाला लागून राहिलं. म्हणूनच यंदा त्यानं ठरवलं होतं, एकदा, फक्त एकदा, नळी सरळ छातीवर धरायची. तानबाचं मरण गावाला खरं दिसलं पाहिजे. तानबा स्वतः रिती म्हणतो आहे म्हटल्यावर भीती कसली? हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोला, शकुबाईलाही नाही. उगाच नियमवाल्यानंच नियम मोडला असं गावात झालं असतं.

मोर्चा आला. तानबा पुढं, दोन्ही हातांनी झेंडा उंच धरलेला, नजर वर झेंड्याकडं, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. मोर्चा बाजूला थांबला आणि तो एकटा ठाण्याच्या ताडपत्रीपुढं, रूपरावसमोर दहाबारा पावलांवर येऊन उभा राहिला. रूपरावनं बंदुकीला तांब्याची टोपी बसवली, घोडा ओढला आणि बंदूक खांद्याला लावली. नळीचं टोक तानबाच्या कुडत्याच्या बटणांवर आणून थांबवलं.

तेवढ्यात डोळ्याच्या कडेला त्याला शकुबाई दिसली. दोरीशी उभी होती आणि तिनं दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबले होते. ही बाई सुतळी बॉम्बला कधी भ्याली नव्हती. हिला आज काय झालं? त्या नवलात त्याची मान किंचित वळली, मानेबरोबर नळीही वळली, पण बोट तोवर दाबलं गेलं होतं.

धाड!

खांद्याला असा दणका बसला की तो मागं सरकला. समोर पांढरा धूर. धूर विरला तेव्हा तानबा जमिनीवर पडलेला होता.

रूपराव बंदूक टाकून धावला. गुडघ्यावर आपटला. तानबाच्या कुडत्याची बटणं ओढून तोडली आणि रक्त शोधत तो त्याच्या छातीवर, बरगड्यांवर, पोटावर हात फिरवू लागला.

“तान्या! अबे तान्या! बोल ना बे! देवा, काय केलं म्या हे!”

तो ढसाढसा रडत होता. गाव टाळ्या वाजवत होतं. फौजदाराला पश्चात्ताप झाल्याचं असं काम आजवर कुणी बघितलं नव्हतं.

तानबानं एक डोळा किलकिला केला.

“गप राय ना बे. पोरायले झेंडा उचलू दे आधी.”

आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

रूपराव तसाच बसून राहिला. तानबा जिवंत आहे, एवढंच आधी कळलं. मग त्याचं लक्ष तानबामागच्या ताडपत्रीकडं गेलं. ‘ठाणे’मधल्या ‘ठा’जवळ मुठीएवढं भोक पडलं होतं. कडा धुमसत होत्या आणि रोशन ओलं पोतं मारून त्या विझवत होता. तानबा उभा होता तिथून ते भोक वीतभरही बाजूला नव्हतं.

नंतर शाळेच्या खोलीत रोशन हात पसरूनच आत आला.

“काका, काय सीन झाला जी! तुम्ही रडले ते तं लाजवाब! आम्ही सांगतलंही नव्हतं!”

“दारू कोनं भरली?”

रोशनचे हात खाली आले. “अर्धंच माप टाकलं होतं, काका. छर्रे नाई टाकले. नुसत्या चिंध्या.”

“त्या चिंध्यायनं ताडपत्री फाडली, लेका. बंदूक माह्या घरी, कुलपात होती.”

रोशननं शकुबाईकडं पाहिलं. ती दाराशी पदर बोटाला गुंडाळत उभी होती. तिनं खाली बघूनच सांगितलं,

“तुम्ही आष्टीच्या बाजारात गेलते तवा. तानबाभाऊजी आलते. म्हने एकडाव, वहिनी, लोक लय हासले. मले वाईट वाटलं, म्या काढून देल्ली.”

“आन मले सांगाव नाई वाटलं?”

“तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही भरू देल्ली असती का, अवो?”

रोशनला ठाऊक, शकुबाईला ठाऊक, ढोलवाल्यांना ठाऊक. ‘रिती’ म्हटल्या म्हटल्या ते बडवत का सुटले, हेही आता त्याच्या ध्यानात आलं, ‘पुन्हा एकदा गज टाक’ म्हणायला त्याला सवड मिळू नये म्हणून. गावाचा जीव जपायला त्यानं नियम केला, आणि गावानं मिळून त्यालाच वेड्यात काढलं होतं. बंदूक त्याची, बोट त्याचं, आणि ती भरलेली आहे एवढं फक्त त्याला माहीत नव्हतं. घरच्या बाईनं कुलूप उघडून दिलं होतं. त्याला शकुबाईच्या तोंडाकडं बघवेना.

तानबा आला तो गुलालानं माखून, गळ्यात हार. वर्षभरात त्याचा चेहरा असा फुललेला कुणी पाहिला नव्हता.

“रूप्या! आवाज पाह्यला का बे? पार नदीपलीकडं गेला असन!”

“तू रिती म्हटलं.”

“म्हटलं ना.”

“दोरा वरतं होता.”

“मुठीत झाकला,” तानबानं मूठ करून दाखवली. मोठ्या कौतुकानं दाखवली.

“काऊन बे?” रूपरावनं ती मूठ धरली. “म्या कोनाच्या भरवशावर घोडा ओढला? तुह्याच ना? मेला असता तं कोनं मारलं असतं तुले? म्याच ना? हे माह्या हातून करून घेतलं असतं तू?”

तानबा जरा गांगरला. मग त्यानं रूपरावच्या खांद्यावर हात टाकला.

“सालभर मेलो ना मी, लेका. रोज. त्या पानठेल्यावर. एकडाव तं नीट मरू दे म्हटलं.”

“आन लागलं असतं तं?”

“तुह्या हातून?” तानबा पुन्हा हसू लागला. “अबे, तुह्याच भरवशावर तं भरली! दुसऱ्या कोनाच्या हाती बंदूक असती तं म्या असं केलं असतं का? तू नियमाचा मानूस. मानसावर नळी धरतच नाई तू. मले मालूम होतं ना!”

रोशन हसला. शकुबाईच्याही जिवात जीव आला, तिनं पदर सोडला. आता रूपरावही हसेल, दोन शिव्या घालील आणि सगळं मिटेल, असं तिघांच्याही तोंडावर दिसत होतं.

रूपरावनं फौजदाराचा पट्टा सोडला आणि बाकावर ठेवला.

“आज धरली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“तुह्या छातीवर. बराबर मधात. लोक तुले पुन्हा हासू नाई म्हनून.”

तानबाचा हात त्याच्या खांद्यावरच होता. तो आता जड लागू लागला. तानबाच्या तोंडावरचं हसू काही वेळ तसंच राहिलं आणि मग विरलं. रोशन खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर पोरं पुन्हा पुन्हा तेच चित्रण लावत होती, दर वेळी धाड् व्हायचं आणि हुर्यो उठायचा.

“मंग,” तानबानं विचारलं, अगदी हळू, “मंग लागली काऊन नाई?”

रूपरावजवळ उत्तर होतं. ते दोन हातांवर, दाराशी उभं होतं; तिनं कान झाकले नसते तर नळी वळली नसती. पण ते सांगायचं तर शकुबाईचे उपकार मानावे लागले असते, आणि आज ते त्याच्या जिभेवर काही केल्या येईना.

“मालूम नाई,” तो म्हणाला.

सगळ्या जन्मात तानबाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.